उरण लोकल : लाइन मस्त, आता फेऱ्या वाढवाच

2018 ला वाटेतल्या खारकोपरपर्यंत आणि जानेवारी 2024 मध्ये थेट उरणपर्यंत लोकल आली, त्याआधी एसटी नाहीतर एनएमएमटी (नवी मुंबईची बस) आणि न्हावा शेवा बंदराच्या कंटेनर-ट्रकांमागे रखडणं, म्हणून माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कापला तो दोन गाड्यांमधल्या अंतरासाठी, गाड्या नेरूळ आणि बेलापूर अशा दोन टोकांना वाटल्या जातात ना, मग आपल्याला हवी ती गेली की बसा वाट बघत. फेऱ्या वाढवाच पण दुपारच्या रिकाम्या वेळेत नकोत, सकाळी शिफ्टच्या टायमाला आणि रात्री उशिरा पाहिजेत, आणि नेरूळला हार्बर लाइनच्या गाडीशी मेळ बसवा प्लीज. उरणजवळच्या द्रोणागिरीत लोकं घरं घेतायत ती या लोकलच्या भरवशावर!!