पणजीतील नेटवर्क ऑटोमेशन सेवा: एक अनुभव
वेर्णा औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नेटवर्क स्विच (संगणक व यंत्रे एकमेकांना जोडणारी उपकरणे) आहेत. त्यांचे कॉन्फिगरेशन स्वयंचलित करण्याचे काम आम्ही पणजीतील एका लहान संस्थेकडे सोपवले. संस्थेने सर्वत्र ओपनकॉन्फिग या नेटवर्क चालवणाऱ्या कंपन्यांच्या गटाची सामायिक यांग मॉडेल (उपकरणाच्या सेटिंग्ज कशा मांडायच्या हे ठरवणारे, एका उत्पादकाशी न बांधलेले आराखडे) वापरण्याचा आग्रह धरला आणि इंटरफेस (स्विचचे जोडणीचे पोर्ट) व व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले आभासी भाग) यांच्यापुरता तो योग्यच ठरला, कारण एकच टेम्प्लेट दोन्हीकडे चालले. क्वालिटी ऑफ सर्व्हिसपाशी, म्हणजे कोणत्या डेटाला प्राधान्य द्यायचे हे ठरवणाऱ्या सेटिंग्जपाशी, मात्र गाडे अडले: मॉडेलमधील कोणते घटक आपला स्विच स्वीकारत नाही, हे एका उत्पादकाने डेव्हिएशन फाइलमध्ये आधीच नमूद केले होते, पण चतुर्थीपूर्वीच्या घाईत ती कोणी वाचलीच नव्हती. शेवटी तेवढ्या भागासाठी त्या उत्पादकाचे स्वतःचे मॉडेल नेटकॉन्फ या उपकरणांना कॉन्फिगरेशन पाठवण्याच्या प्रोटोकॉलवरून वापरले. काम चोख झाले. दर मात्र चढाच वाटला.