उमेदवारी अर्ज भरून देणारं उदगीरचं सेवा केंद्र: 5 पैकी 4

दुकान उदगीरातलं, आमच्या घराजवळचं. बाहेर नेहमीचे बोर्ड: सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, उत्पन्नाचा दाखला. नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांच्या खाली हाताने लिहिलेला एक कागद वाढला, ‘नगरपालिकेचे उमेदवारी अर्ज भरून मिळतील’.

माझी भाची सिव्हिल इंजिनियर आहे. गल्लीतली नाली नेमकी कुठं तुंबते याच्या लेव्हल, म्हणजे चढ-उताराची मापं, तिने स्वतः घेतल्या, नकाशा काढून नगरपालिकेत दिला, पोच घेतली आणि मग चकरा मारत बसली. शेवटी म्हणाली, “मामा, आता आतच जाऊन बघते.” अपक्ष. सूचकांत मी, कारण सूचक, म्हणजे अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवून सही करणारा, त्याच प्रभागातला मतदार लागतो आणि आमची घरं पाठीला पाठ लागून.

अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, प्रिंट काढायची, सह्या करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायची. मुदत 10 ते 17 नोव्हेंबर. इंजिनियर बाईला हे घरी जमलं नसतं असं नाही. तरी दुकानात गेलो ते बरं केलं, कारण दुकानातल्या पोराने कीबोर्डला हात लावायच्या आधी प्रश्न सुरू केले.

“ताई, नगरपालिकेचं एखादं काम घेतलंय का? तुमच्या नावावर, नाहीतर भाऊजींच्या?”

हा प्रश्न इंजिनियरसाठी फार मोलाचा. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात नगरपालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असलेला माणूस अपात्र ठरतो. ही लोकांच्या घरांचे नकाशे आणि इस्टिमेट तेवढी करते, त्यामुळं निभावलं. मग घरपट्टी-नळपट्टीची बाकी, गुन्हा दाखल आहे का, आणि 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालंय का. लेकरं किती हे विचारताना गडी जरा लाजला, पण विचारलं.

खरा घोळ नावाचा. मतदार यादीत सासरचं नाव, डिग्रीवर माहेरचं. त्याने यादीतलं नाव अक्षर न अक्षर जुळवून टाकलं आणि नाव बदलल्याच्या गॅझेटची प्रत सोबत लावायला लावली. शपथपत्राला तर अख्खी दुपार गेली. सोनं तोळ्यात सांगितलं की हा ग्रॅम करायचा, वर बाजारभावाने रक्कम मागायचा. नवऱ्याच्या नावचं रान, बँकेतली बाकी, गाडीचं कर्ज, सगळं मांडायचं. सासूबाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, “दुकानात बसून सोनं काय सांगायचं, घरी या.” गेलो. तिथं मुरमुऱ्याचा सुशीला खाऊन परत आलो.

चिन्हाचा सल्ला फुकटात मिळाला. म्हणाला, पत्रक झेरॉक्स केलं तरी ओळखू येईल आणि म्हाताऱ्या माणसाला एका शब्दात सांगता येईल असंच मागा. हे मला कुठल्याही पक्षाच्या पुढाऱ्याने सांगितलं नव्हतं.

आता तक्रारी. बसायला दोन स्टूल, त्यातलं एक डुगडुगतं. स्कॉलरशिपवाली कॉलेजची पोरं मध्ये घुसतात आणि मालक कुणाला नाही म्हणत नाही. दर आधी 500 सांगितला. शेवटच्या दिवशी आलेल्यांकडून दुप्पट घेताना मी डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या स्टुलावर कोणाची संपत्ती किती हे सगळ्यांना ऐकू येतं, स्पर्धक उमेदवाराच्या माणसालाही. एक पडदा लावायला काय खर्च येतो?

आणि पावती. पहिल्यांदा कोऱ्या चिटोऱ्यावर आकडा लिहून दिला. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, नाही दिला तर निवडणूक लढवायला अपात्र व्हायची पाळी येते, आणि याला ते माहीत असून चिटोरा! भाचीने ठासून मागितल्यावर शिक्क्याचं बिल आलं. एक तारा त्याचाच कापलाय.

छाननीत अर्ज पहिल्या फटक्यात मंजूर झाला, काही विचारलंही नाही. निकालाचं विचारू नका, हा अभिप्राय दुकानाचा आहे. हिशोबाचे कागद करायलाही तिथेच गेलो होतो. जाणार असाल तर सकाळी दुकान उघडताना जा, मतदार यादीच्या पानाची प्रत सोबत ठेवा आणि बिल आधी मागा.