जुन्या डीआय बोलेरोसाठी ९० ॲम्पिअरचा अल्टरनेटर: नाना पेठेतील एका ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम

पावसाळ्यात रात्री वरंधा घाट चढायचा, तर हेडलाइट, दोन जादा दिवे, वायपर आणि काचेवरचे धुके घालवणारा ब्लोअर हे सगळे एकदम चालू ठेवावे लागते. माझ्या जुन्या फोर-बाय-फोर बोलेरोच्या २५२३ सीसी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) इंजिनावरील मूळ अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, हा भार झेपत नव्हता. गाडी रांगेत उभी राहिली की दिवे पिवळे पडू लागत. म्हणून पुण्याच्या नाना पेठेतील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून ९० ॲम्पिअरचा अल्टरनेटर बसवून घेतला. इतके नीटस काम सहसा पाहायला मिळत नाही, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी मेस्त्रींनी सर्व उपकरणे चालू करून वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला आणि गाडीला ४० ॲम्पिअरहून अधिक प्रवाह लागतो हे दाखवले. अल्टरनेटरच्या पाटीवरचा आकडा तो मिनिटाला सुमारे ६००० फेरे घेत असतानाचा असतो. इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ८०० च्या आसपास फिरते तेव्हा पुलीच्या साधारण दुप्पट गुणोत्तरामुळे त्याला जेमतेम १६०० फेरे मिळतात, आणि तेवढ्यावर मोठ्या आकड्याचा अल्टरनेटरही जुन्याइतकाच दुबळा ठरू शकतो. मी १२० ॲम्पिअरचा मागितला होता, पण कमी फेऱ्यांवर अधिक प्रवाह देणारा ९० चाच घ्या, असा त्यांनी आग्रह धरला. ९० ॲम्पिअर म्हणजे सुमारे १२५० वॉट; अल्टरनेटरमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा धरली, तर पूर्ण भारावर बेल्टला जवळपास तीन अश्वशक्ती वाहून न्याव्या लागतात, आणि एकेरी व्ही-बेल्टकडून याहून अधिक अपेक्षा करणे योग्य नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

या इंजिनात ब्रेकचा पेडल हलका ठेवण्यासाठी लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागच्या बाजूस, त्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे कोणताही अल्टरनेटर आणून ठोकून चालत नाही. मेस्त्रींनी पंपासह येणारा नग निवडला, ऑइलच्या नळीचे वॉशर नवे घातले, आणि गाडी सुरू केल्यावर दिव्यांकडे वळण्याआधी ब्रेकचा पेडल वारंवार दाबून तो कडक होत नाही ना, हे तपासले. ज्याला आपल्या कामाची जबाबदारी कळते, तोच हा क्रम पाळतो.

मला सर्वाधिक आवडले ते केबलचे काम. जुन्या बारीक वायरऐवजी २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नेली, बॅटरीजवळ फ्यूज बसवला, आणि इंजिन व चॅसी यांमधील गंजलेली अर्थिंगची पट्टीही बदलली. पूर्वी भार असताना या वायरीतच अर्ध्या व्होल्टहून अधिक घट होत होती. आता ती ०.१ व्होल्टवर आली आहे. सर्व उपकरणे चालू असताना आयडलिंगला बॅटरीवर पूर्वी १२.३ व्होल्ट दिसत, तेथे आता १३.८ दिसतात. यातला बराच वाटा केबलचाही आहे असे माझे मत आहे. नुसता अल्टरनेटर बदलून जुनी वायर तशीच ठेवणाऱ्यांचे निम्मे पैसे वाया जातात.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बिलावर मजुरी आणि सामान वेगळे दाखवलेले नव्हते. केबलच्या टोकाच्या थिंबलवर (बोल्टला जोडायच्या धातूच्या टोकावर) रबरी टोपी मी मागितल्यावरच मिळाली, आणि ओढ्यातून जाणाऱ्या गाडीसाठी ती आवश्यकच आहे. विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे विजेवरचे यंत्र, लावणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पूर्ण ओढीला विंच ४०० ॲम्पिअरपर्यंत प्रवाह घेते, तो बॅटरीच पुरवते, मोठ्या अल्टरनेटरमुळे बॅटरी लवकर भरून निघते, इतकेच.

नवा बेल्ट थोडा सैलावतो, म्हणून सुमारे २०० किलोमीटरनंतर त्यांनी गाडी परत बोलावली, बेल्ट ताणून दिला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.