डायलिसिसच्या बेडवर मिनी सायकल, सात महिन्यांनंतर: मशीन चांगलं, पट्टा वाईट

मागच्या शनिवारी सायकलच्या डाव्या पॅडलवरचा, पाय अडकवायचा पट्टा तुटला, म्हणून लिहायला बसले. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास सुया टोचून पडून राहणाऱ्यांसाठी हे आहे. सायकल जमिनीवर ठेवून टीव्हीसमोर पाय चालवणाऱ्यांना हा त्रास होणारच नाही.

पोराने दिवाळीत १,८०० रुपयांना मागवली तेव्हा मी रागावले होते. डायलिसिस महात्मा फुले योजनेत होतं, पण नागपुरात महालातून धंतोलीला जाण्यायेण्याचा ऑटो आपल्याच खिशातून, त्यात हा खर्च. पण माझी गत काय झाली होती तेही सांगते. पंचवीस वर्षं ज्या पायमशीनवर ब्लाउज शिवले, तिच्यावर पाच मिनिटांत पिंढऱ्या भरून यायच्या. डायलिसिसहून आले की रात्रीपर्यंत आडवी. या आजारात स्नायू झिजतात, आणि घरचे मायेने "तू बसून राहा" म्हणतात, तेव्हा आणखी झिजतात.

डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, पण अटी घालून. पॅडल पहिल्या दोन तासांतच, कारण डायलिसिसमध्ये अंगातलं पाणी निघत गेलं की पुढे बीपी पडायची भीती. फिस्तुल्याचा, म्हणजे सुया टोचलेला हात जागचा हलवायचा नाही. वजन फार वाढून आलं, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर त्या दिवशी सुट्टी. मांडीत कॅथेटर असेल त्यांनी करायचंच नाही. आणि पाय चालवताना शेजारच्या बेडवरच्या बाईशी बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की वेग कमी.

आता पट्टा. खुर्चीवर बसून पॅडल मारता तेव्हा पायाचं वजन पॅडलवर पडतं, पट्टा नावाला असतो. बेडवर अर्धवट टेकून बसलं की पाय पॅडलला लटकतो, टाच हवेत आणि सगळा भार त्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर. पट्टीला भोकं चार, तीही लांब-लांब. दोन दिवसांचं पाणी अंगात साठून पाय सुजलेले असतात तेव्हा तिसरं भोक रुततं, दुसऱ्यात पाय निसटतो. आयुष्यभर कपड्यांची मापं घेतली आहेत, म्हणून सांगते, अर्ध्या इंचाने सगळं बिघडतं.

डिसेंबरात त्याच पट्टीने उजव्या पायाच्या वरच्या बाजूला फोड आला. मला साखर आहे, पायांना नीट कळत नाही. घरी येऊन मोजा काढला तेव्हा दिसलं. तीन आठवडे ड्रेसिंग, पॅडल बंद. ज्यांना साखर आहे त्यांनी हे दोनदा वाचा. जाड सुती मोज्याशिवाय पाय अडकवू नका, आणि सुटल्यावर सिस्टरला पाय बघायला सांगा.

तेव्हा चिडून मी एकच स्टार दिला होता. तो आज बदलते आहे, कारण ते तीन आठवडेच मला खरं सांगून गेले. पॅडल बंद होताच रात्रीची पायांची चुळबुळ परत सुरू झाली, डायलिसिसनंतरचा थकवाही. सगळ्यांनाच असा फरक पडेल असं म्हणत नाही, मला पडला. जानेवारीत परत सुरू केलं, पाच मिनिटांपासून. आता दहा-दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या होतात.

मोजायचं असेल तर मशीनवरच्या आकड्यांच्या नादी लागू नका, माझा डिस्प्ले दुसऱ्याच महिन्यात गेला. भिंतीला लावलेल्या खुर्चीवरून हात न टेकता एका मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजा, जवळ कोणीतरी उभं ठेवून. मी नऊवर होते, आता पंधरा. आमच्या डॉक्टरांनी जर्मनीतला अभ्यास सांगितला, २०२३ साली छापलेला. २१ केंद्रांत वर्षभर डायलिसिस चालू असतानाच व्यायाम करवला. व्यायाम करणाऱ्यांचा हाच आकडा सरासरी १६ वरून १९ वर गेला, न करणाऱ्यांचा खाली आला. बसून राहिलं तर आहे तेवढंही टिकत नाही, हे मला त्यातून कळलं.

बाकीचे दोष छोटे. बेडच्या रेक्झिनवर सायकल सरकते. टेक्निशियन दादा ती चादरीने बेडच्या दांड्याला बांधून देतात. पॅडल जड करायचा नॉब घट्ट केला की दहा मिनिटांत सायकलचा दांडा तापतो, तिथे हात लावू नका. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री, घशाला कोरड, पाणी मोजून आणि संत्रंही पोटॅशियममुळे बंद. त्या दिवसांत मी नॉब सैलच ठेवते.

पट्टा तुटल्यावर फोन केला. म्हणे पट्टा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही. सुटा द्या, पैसे देते म्हटलं, तर सुटा मिळत नाही. वर, हॉस्पिटलात वापरता म्हणजे हा व्यावसायिक वापर. मी पेशंट आहे, माझ्या पायाने माझी सायकल चालवते, यात कोणता व्यवसाय आला? तीस रुपयांच्या पट्टीसाठी १,८०० ची वस्तू फेका, हे मला मान्य नाही. चौथा स्टार तिथेच गेला, तीन देते.

पट्टा मीच शिवला, तोही पायमशीनवर, न थांबता. इतवारीतून दीड इंची निवार आणली. चौदा इंचाचे दोन तुकडे, आतून फलालीनचं अस्तर, टोकांना वेल्क्रो, म्हणजे सूज असेल तसं सैल करता येतं. टाचेमागून एक आडवी पट्टी जोडली, त्यामुळे पाय लटकत नाही. दोन्ही पायांचे मिळून ७० रुपये लागले. मंगळवारी लावून पाहिले, मोजा काढला तर कुठेही वळ नव्हता. शेजारच्या बेडवरच्या बाईच्या पायाचं मापही घेऊन ठेवलं आहे.