ड्रायरमध्ये गाजर, बीट, रताळी: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

खाडीजवळच्या ऐरोलीत गच्चीवर चकत्या वाळवायच्या तर पावसाळाभर नावच काढू नये. हिवाळ्यात ऊन मिळतं, पण त्या उन्हात गाजर फिकं पडतं. तो फिकेपणा म्हणजेच उडालेलं बीटा-कॅरोटीन, गाजराला केशरी रंग देणारं द्रव्य. उजेड आणि हवा, दोन्ही त्याचे वैरी. म्हणून हा पाच ट्रेंचा, ५०० वॅटचा बंद ड्रायर.

पण खरं काम यंत्राआधीचं. गाजर-रताळ्याच्या ३ मिमी चकत्या मोदकपात्रात ३-४ मिनिटं वाफवायच्या, लगेच गार पाण्यातून काढून फडक्यावर टिपायच्या. कच्च्याच वाळवल्या तर एन्झाइम शाबूत राहतात. बरणीत रंग उतरतो आणि वाळक्या गवताचा वास येतो. पाण्यात उकळू नका, क जीवनसत्त्व पाण्यातच राहतं. तसंही गरम हवेत ते बरंच जातं, त्यासाठी ताजी भाजीच खावी. तंतू आणि खनिजं मात्र बहुतेक टिकतात.

तापमान ५५ ते ६० अंश. घाईने ७५ वर नेलं की चकतीची कड आधी कडक होते, आतला ओलावा कोंडतो आणि आठवड्याभरात बुरशी. ४०-४५ वर ठेवणंही शहाणपणाचं नाही. तास वाढतात, तेवढा वेळ चकतीला हवा लागत राहते. गाजराला साधारण ८ ते १० तास लागतात, पावसाळ्यात जास्तच. म्हणजे एरवी फार तर ५ युनिट वीज, आणि किलोभर गाजराचे हाती येतात जेमतेम १००-१२० ग्रॅम. स्वस्त प्रकरण नाही हे.

या मॉडेलची खोट म्हणजे पंखा तळाशी. खालचा ट्रे कुरकुरीत, वरचा अजून चिवट. दर दोन-तीन तासांनी ट्रे खाली-वर करावेच लागतात. नवीन घेणाऱ्यांनी मागच्या बाजूला पंखा असलेला बघावा.

बीट सोलून उकळलं की रंग पाण्यात जातो. अख्खं, सालीसकट वाफवून मगच चिरा, आणि ड्रायर ५५ च्या वर नेऊ नका. त्याचा लाल रंग उष्णतेला नाजूक.

चकती गार झाल्यावर वाकवून पाहा: कट्‌कन तुटली पाहिजे. गरम असताना सगळ्याच मऊ लागतात. बरणी दोन-तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवायची. काचेला आतून दव दिसलं तर माल परत ट्रेवर. नंतर हवाबंद करून अंधाऱ्या कपाटात. गाजराची पूड वरणात घालाल तर वर तूप हवंच, कॅरोटीन स्निग्धाशिवाय नीट अंगी लागत नाही.

मुळा मात्र यात घालू नका. त्याचा वास ट्रेच्या जाळीतून लवकर जात नाही.