पिकअपला ट्रॅक्टरचं इंजिन बसवून घेताना माझी झालेली फसवणूक

ज्यांची जुनी पिकअप इंजिन गेल्यामुळे दारात उभी आहे आणि कुणीतरी "त्यात ट्रॅक्टरचं इंजिन टाकू, आयुष्यभर बघायला नको" असं सांगतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पैसे देण्याआधी वाचा. माझे अठ्ठ्याण्णव हजार गेले. पैसे आज ना उद्या भरून निघतील. पण कुंभार्ली घाटात त्या गाडीत मी आणि माझा चुलतभाऊ दोघं होतो, आणि ती वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये.

आमची तासगाव भागात थोडी द्राक्षबाग आहे. बागेला जोड म्हणून एक सेकंडहँड पिकअप घेतली होती. हंगामात आपला आणि शेजारपाजारच्यांचा माल कऱ्हाडला, चिपळूणला पोचवायचा, बाकीच्या दिवसांत खत, पेंड, मिळेल ते भाडं. २०२४ च्या फेब्रुवारीत रेडिएटरचा खालचा पाइप फुटला. काटा वर गेलेला दिसेपर्यंत उशीर झाला होता. हेडला तडा आणि दोन पिस्टन चिकटलेले. आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्यानं उघडून स्पष्ट सांगितलं, हेड नवं लागेल, लायनर-पिस्टन, क्रँक लेथला. एक लाख दहा हजार आणि किमान तीन आठवडे. तीन आठवड्यांत आमच्या भागातला अर्धा माल उतरून जातो. खरं सांगायचं तर त्या घाईनंच माझा घात केला.

एका पाहुण्याच्या ओळखीनं शेजारच्या तालुक्यातल्या एका मिस्त्रीकडे गेलो. बोलायला गोड माणूस. "मालक, तीन सिलिंडरचं ट्रॅक्टरचं इंजिन आहे माझ्याकडं. फायनान्सनं ओढून आणलेल्या ट्रॅक्टरचं, दोन हजार तास पण चाललेलं न्हाई. नांगर ओढणारं इंजिन ते, तुमची गाडी त्याला काहीच न्हाई. लिटरला अठरा धरून चाला." सगळं मिळून नव्वद हजार, आठ दिवसांत गाडी हातात. जुनं इंजिन त्यानंच ठेवायचं, मजुरीत वळतं. आरसी बुकावर नवा नंबर चढवायला वेगळे आठ हजार, "आरटीओत आपला माणूस हाय."

मी विश्वास ठेवला, कारण त्याच्या बोलण्यातला निम्मा भाग खरा होता. आमच्या अण्णांचा ट्रॅक्टर अठरा वर्षं चालला आणि इतक्या काळात इंजिन एकदाच उघडलं. ट्रॅक्टरचं इंजिन टिकतं हे शेतकऱ्याला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. ते का टिकतं, याचा विचार मात्र मी केला नव्हता. ते सावकाश फिरतं म्हणून टिकतं. आमच्याकडच्या चाळीसेक हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरांची इंजिनं मिनिटाला साधारण अठराशे ते बावीसशे फेऱ्यांवर बांधलेली असतात, डिझेल पंपातला वेग आवरणारा गव्हर्नर त्याच्या फारसं वर जाऊच देत नाही. पिकअपचं इंजिन पूर्ण ताकद देतं ते बत्तीसशेच्या पुढे, आणि तिचा गिअरबॉक्स, मागचं हाउसिंग (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरांचा डबा), सगळं त्या हिशोबानं केलेलं असतं. माझ्या गाडीच्या हाउसिंगचं प्रमाण ४.८८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागं जाणारा दांडा) ४.८८ वेळा फिरतो. चौथ्या गिअरला इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट सारखेच फिरतात. बावीसशेला ४.८८ नं भागलं की चाकाचे मिनिटाला साडेचारशे फेरे. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. म्हणजे ताशी साठ किलोमीटर, बस. पाचवा गिअर आहे, पण माल भरला की तिथं ती ओढायचीच नाही. हा हिशोब कागदावर पाच मिनिटांचा आहे. मी तो पैसे गेल्यावर केला.

त्यानं मला खात्रीसाठी अशीच एक गाडी दाखवली होती. मेव्हण्याची आहे म्हणाला. रिकामी, सपाट रस्त्यावर, एक फेरी मारून आणली. पुढे कळलं की ती गाडी एका वीटभट्टीवर माती वाहायला आहे आणि भट्टीच्या आवाराबाहेर पडतच नाही.

पन्नास हजार रोख दिले, चाळीस मोबाइलवरून पाठवले. आठ हजार रोख. पावती म्हणून वहीच्या पानावर एक कच्ची चिठ्ठी मिळाली, "पिकअप काम, जमा" एवढंच लिहिलेली.

गाडी आठऐवजी सतरा दिवसांनी मिळाली. पहिल्याच दिवशी जाणवलं की पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेत. ट्रॅक्टरला चेसिस नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग एकमेकांना बोल्टनं जोडलेलं असतं आणि तोच त्याचा सांगाडा. त्यामुळे त्याचा ब्लॉक आणि खालचं ऑइल चेंबर जाड ओतीव लोखंडाचं, सगळा भार पेलणारं. तेवढं वजन पिकअपच्या नाकावर आलं. आणि इंजिनाला गाडीच्या फाउंडेशनवर बसायची सोयच नसते, म्हणून त्यानं अँगल कापून, वेल्डिंग करून ब्रॅकेट केले होते. चेंबर खाली टेकत होतं तर चेसिसचा आडवा मेंबर गॅसनं कापून टाकला होता. हे मला नंतर पिटात गाडी घेतल्यावर दिसलं.

तीन सिलिंडरची थरथर स्टिअरिंगमध्ये, आरशात, सगळीकडे. दहा दिवसांत सायलेन्सरचा पाइप तुटला. लिटरला अकराच्या वर कधी गेली नाही. वेग येत नाही म्हणून तक्रार केली तर त्यानं पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवून दिला आणि म्हणाला, आता पळेल. पळाली, पण बावीसशेसाठी बनवलेले रॉड आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग अठ्ठावीसशेवर चालवायचे म्हणजे काय, हे त्याला नक्कीच ठाऊक होतं.

आणि ब्रेक जड लागत होता. हे मी त्याला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाला ब्रेकला नवीन लायनर बसलेत, घासले की हलका होईल. दुसऱ्यांदा ब्रेक ऑइल बदलायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "मालक, तुमच्या पायाला जुन्या गाडीची सवय हाय."

मार्चच्या अखेरीला चिपळूणचं भाडं होतं. द्राक्षाचे क्रेट, साधारण बाराशे किलो. पाटण, कोयनानगर, हेळवाकपर्यंत काही नाही. कुंभार्लीचा उतार लागल्यावर तिसरा टाकून सावकाश उतरत होतो. दुसऱ्या-तिसऱ्या वळणानंतर खालून कडकड आवाज आला आणि गिअर आपोआप सुटला. गाडी मोकळी झाली. ब्रेकवर पाय दिला तर पेडल दगडासारखं. दोन्ही पाय ठेवून उभा राहिलो तेव्हा गाडी जरा ओढली गेली, पण थांबेना. भावानं हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. डाव्या हाताला दरी, उजवीकडे डोंगर. समोरून एसटी वर येत होती, ती पार होईपर्यंतचे चार-पाच सेकंद मी अजून विसरलेलो नाही. मग गाडी उजवीकडे घेऊन डोंगराकडेच्या मुरमाच्या ढिगाऱ्यात घातली. पुढचा कोपरा चेपला, निम्मे क्रेट फुटले. आम्हाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

खालून पोफळीहून एक मेकॅनिक दुचाकीवर आला. त्यानं गिअर बघण्याआधी ब्रेक विचारला. बोनेट उघडून ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरकडून निघालेला रबरी पाइप हातानं चाचपत गेला, पंख्याच्या बाजूला क्लिपनं आवळलेलं त्याचं टोक सापडलं, आणि त्यातून त्यानं दहा मिलिमीटरचा एक बोल्ट उपसून माझ्या तळहातावर ठेवला. पाइप कुठंच जोडलेला नव्हता. नुसता बोल्ट ठोकून बंद केला होता.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण जीव इथंच जातो. पेट्रोल गाडीत इंजिन हवा ओढताना जी पोकळी तयार होते, ती बूस्टरला मिळते आणि ब्रेक हलका लागतो. डिझेल इंजिनात ती तशी मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो. माझ्या पिकअपला तो अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला जोडलेला होता. जुनं इंजिन काढताना अल्टरनेटरही गेला आणि त्याबरोबर पंपही. ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरला असा पंप नसतो, कारण ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना, पायाच्या जोरावर लागणारे. त्यांना व्हॅक्यूमची गरजच नाही. पाइप मोकळा सोडला तर फुसफुस आवाज येऊन गिऱ्हाईक विचारेल, म्हणून बोल्ट. चुकून राहिलं, असं म्हणायला त्यात जागा नाही. हातात बोल्ट आणि क्लिप घेऊन त्या मिस्त्रीनं ते केलं, आणि त्यानंतर तीनदा मला वेगवेगळी कारणं सांगितली.

तुमच्या गाडीत हे तपासायला मिस्त्री लागत नाही. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. मग ते दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही, तर गाडी घेऊन बाहेर पडू नका.

गिअर सुटायचं कारण गाडी सांगलीला आणून उतरवल्यावर कळलं. ट्रॅक्टरचं इंजिन आणि पिकअपचा गिअरबॉक्स एकमेकांना बसत नाहीत, मध्ये प्लेट करावी लागते, आणि ती लेथवर इतकी अचूक व्हायला लागते की क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आला पाहिजे. इथं गॅसनं कापलेली पत्र्याची प्लेट होती, भोकं हातड्रिलनं पाडलेली. शाफ्ट तिरका फिरून पुढचं बेरिंग खाऊन गेला होता. शिवाय गिअरबॉक्स माझा नव्हताच. माझ्या बॉक्सचा एक कान (बोल्ट लावायची जागा) आधी तुटला होता आणि आम्ही तो वेल्डिंग करून घेतला होता. या बॉक्सला चारही कान धड होते. गिअरबॉक्सचा नंबर आरसीवर नसतो, त्यामुळे तो बदलला तर पुरावा राहत नाही. गाडी सोडताना फोटो काढून ठेवा, प्रत्येक भागाचा, कानाकोपऱ्यासकट.

इंजिनाचा नंबर बघायला ब्लॉकवरचा रंग खरवडला. खाली ग्राइंडर मारल्याच्या खुणा. नंबर नाही. फायनान्सनं ओढलेल्या ट्रॅक्टरचा नंबर कुणी घासत नाही. ते इंजिन कुठून आलं याचा विचार करून मला दोन रात्री झोप लागली नाही.

आरसीचं काम अर्थातच झालेलं नव्हतं. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीवर छापलेले असतात, आणि परिवहन खात्याच्या मोबाइल ॲपवर गाडीची नोंद कुणालाही बघता येते. मी ती पहिल्याच दिवशी बघायला हवी होती. आरटीओ कार्यालयात जाऊन विचारलं तेव्हा तिथल्या साहेबांनी शांतपणे समजावलं की मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीनं ठरवून दिलेल्या तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन रीतसर परवानगीनं बदलणं ही वेगळी गोष्ट. ट्रॅक्टरच्या इंजिनाचे धुराचे नियमही रस्त्यावरच्या गाड्यांपेक्षा वेगळे. म्हणजे "आपला माणूस" कितीही ओळखीचा असला तरी हा नंबर आरसीवर चढणारच नव्हता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ही शिक्षा मिस्त्रीला नव्हे, मालकाला. घाटात त्या एसटीला धडकलो असतो तर विमा कंपनीनं पहिला इंजिन नंबरच बघितला असता.

मिस्त्रीकडे गेलो तेव्हा तो हसला नाही की भांडला नाही. "मालक, तुमीच म्हनलासा स्वस्तात करा." जुनं इंजिन मागितलं, तर भंगारात गेलं म्हणाला. त्या इंजिनाचा पंप, नोझल, अल्टरनेटर चांगले होते. तेवढेच विकून त्याची मजुरी निघाली असणार. नेहमीच्या गॅरेजवाल्याचा एक लाख दहा हजाराचा हिशोब महाग वाटला होता. आता त्याला देण्यासाठी माझ्याकडे जुना ब्लॉकही उरलेला नाही.

पोलिस ठाण्यात तक्रार दिली आहे, तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली, फसवणुकीची. घासलेल्या नंबरचं इंजिन माझ्याकडे कसं आलं हेही त्यात लिहून दिलंय आणि शिक्क्याची प्रत घेतली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेली गाडी असेल तर ती व्यापारी म्हणून बाहेर काढत नाहीत. पण तिथं माझ्या बाजूनं पक्कं उभं राहतं ते फक्त मोबाइलवरून गेलेले चाळीस हजार. रोख दिलेल्या अठ्ठावन्न हजारांसाठी ती वहीच्या पानाची चिठ्ठी, पाहुण्याची साक्ष आणि तो बोल्ट.

गेल्या आठवड्यात कवठेमहांकाळकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. माझ्या पाहुण्याकडून नंबर मिळाला म्हणाले. त्यांची पिकअप त्याच मिस्त्रीकडे उभी होती, वीस हजार उचल दिलेली, तेच बोलणं, तीच मेव्हण्याची गाडी. जुनं इंजिन अजून खाली उतरलेलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, वीस हजारांवर पाणी सोडा, पण गाडी आजच उचला. काल संध्याकाळी त्यांनी ट्रॅक्टर लावून ती घरी ओढून आणली.