फितूर करून सुटायचं, की कबूल करून?

बांधाच्या भांडणात हत्यारानं दुखापत केल्याचं कलम ३२४ (नव्या कायद्यात ११८ (१)) लागलंय आणि गावात दोन्हीकडचं मिटलंय, अशा माणसापुढं खालच्या कोर्टात या दोनच सोप्या वाटा उरतात. या कलमात तडजोड चालत नाही, म्हणून लोकअदालत बाद. मग एक तर फिर्यादीलाच फितूर करून निर्दोष सुटायचं, नाही तर प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेवर मिटवायचा, अर्ज टाकायचा. मी अर्ज टाकला.

पहिली वाट आपल्याकडं चांगली मळलेली आहे. रेकॉर्ड कोरं राहतं, हा तिचा खरा फायदा, तो नाकारण्यात अर्थ नाही. ऐन कापूस वेचणीत पुकाऱ्याची वाट बघत व्हरांड्यात बसायचा वैताग मी धरत नाही, तो सगळ्यांनाच आहे.

माझं अडलं भलतीकडंच. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी आण्णाला, म्हणजे फिर्यादी चुलतभावाला, आम्ही ओसरीवर पढवत होतो. "अंधार होता, कुणी मारलं दिसलं नाही, एवढंच म्हणायचं." आण्णानं टोपी काढली, सहा टाक्यांवरून बोट फिरवलं अन् म्हणाला, "बापू, शपथ घेऊन बोलायचंय नव्हं?" कुऱ्हाडीचा दांडा मी घातला, अन् खोटं बोलायचं त्यानं. रात्रभर झोप नाही.

अर्जावर न्यायाधीशांनी आधी मला एकट्यालाच बोलावून विचारलं, कुणाचा दबाव आहे का. मग सरकारी वकील, तपास अधिकारी, आण्णा आणि आम्ही एका टेबलाला बसलो. आण्णानं खिशातून दवाखान्याच्या पावत्या काढून मांडल्या. खटला सुरू झाल्यापासून त्याचं काय गेलं हे त्याला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी भरपाई दिली, चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सुटलो. तुरुंग झाला असता तरी कमाल शिक्षेच्या चौथाईवर निभावलं असतं. नव्या कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला सहावा हिस्सा. मात्र दोषी हा शिक्का बसतो, आणि नेहमीचं अपील राहत नाही.

मी जामिनावर होतो, हेही सांगायला हवं. हर्सूलच्या तुरुंगात महिनोन् महिने पडलेल्या कच्च्या कैद्याला 'कबूल कर, आज घरी जा' म्हटलं, तर न केलेलंही तो कबूल करील. मग एकट्यात विचारून तरी काय कळणार? अमेरिकेत शंभरात नव्वदहून जास्त दोषी असेच कबुलीवर ठरतात, त्यात निर्दोषही अडकल्याची उदाहरणं आहेत. आपल्याकडं ही तरतूद २००६ पासून आहे; सात वर्षांपर्यंतच्याच गुन्ह्यांना, अन् स्त्रिया-बालकांवरचे गुन्हे वगळून. पण गरीब आरोपीची अडचण त्यानं सुटत नाही.

तेव्हा हातून घडलंय, आपण बाहेर आहोत, समोरचा घरचाच आहे, तर माझं मत अर्जाकडं. आता आरोप ठेवल्यापासून ३० दिवसांतच तो टाकावा लागतो. माझ्यासारखं साक्षीच्या आदल्या रात्री सुचून चालायचं नाही. फक्त पोलीस भरती तोंडावर असलेलं पोरगं विचारायला आलं, तर त्याला अर्ज टाक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.